आश्वासन आणि विश्वास : धौलीच्या शिलालेखापासून कोटकिरानाच्या जनसुनावणीपर्यंत

'आश्वासन' आणि 'विश्वास' हे दोन्ही शब्द 'श्वस्' या एकाच धातूपासून निघालेले आहेत. पालीमध्ये त्यांची रूपे 'अस्सास' आणि 'विस्सास' अशी होतात. भयाने कोंडलेला श्वास मोकळा व्हावा, हा पहिल्या शब्दाच्या मुळाशी असलेला भाव होय. आजच्या मराठीत मात्र या शब्दाची दशा केविलवाणी झाली आहे. 'आश्वासन' म्हटले की निवडणुकीच्या व्यासपीठावरून दिलेले आणि पुढे न पाळलेले वचन, एवढाच अर्थ सामान्य माणसाच्या मनात उभा राहतो. शब्दाची ही घसरण म्हणजे शासन आणि प्रजा यांच्या संबंधांचा एक लहानसा इतिहासच आहे.

शासनावरील लोकांचा विश्वास एकदा उडाला म्हणजे तो पुन्हा कसा संपादन करावा, हा प्रश्न आज अनेक लोकशाही देशांत विचारला जात आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याकडे प्रथम पाली व प्राकृत साधनांच्या आधारे पाहणार आहोत आणि नंतर राजस्थानातील एका अलीकडच्या प्रयोगाचा विचार करणार आहोत. आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : आश्वासन शासनकर्ता देतो, विश्वास मात्र प्रजेने ठेवावयाचा असतो, आणि जाहीरपणे वाचलेल्या शब्दाला उत्तर देण्याची जागा ऐकणाऱ्याला मिळते, तेव्हाच पहिल्यातून दुसरा निर्माण होतो.

कलिंगातील दोन स्वतंत्र लेख

सम्राट अशोकाने अभिषेकानंतरच्या आठव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. २६१ च्या सुमारास, कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखात त्याने स्वतःच नोंदविले आहे की, या युद्धात दीड लाख माणसे देशोधडीस लावली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक नंतर मरण पावली. परंतु हा तेरावा लेख कलिंगातील धौली आणि जौगड या दोन्ही ठिकाणी आढळत नाही. ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांच्याच देशात मृतांची संख्या कोरून ठेवणे राजाला प्रशस्त वाटले नसावे. तेथे अकरावा, बारावा आणि तेरावा हे लेख वगळून दोन स्वतंत्र लेख कोरलेले आहेत. १९८९ मध्ये कर्नाटकातील सन्नती येथे भीमेच्या काठी हेच दोन लेख सापडल्यामुळे ते केवळ कलिंगापुरते मर्यादित नव्हते, हे आता स्पष्ट झाले आहे. तथापि धौली येथील लेखात ज्यांना उद्देशून राजा बोलतो ते अधिकारी तोसलीचे, म्हणजे जिंकलेल्या कलिंगाचेच आहेत.

पहिल्या लेखात तोसलीच्या महामात्रांना, म्हणजे नगरातील न्यायदान करणाऱ्या अधिकाऱ्यांना, आज्ञा आहे. सर्व माणसे आपली अपत्ये आहेत, असे राजा म्हणतो. पुढे तो लगेच अत्यंत व्यावहारिक गोष्टीकडे वळतो. एखाद्याला विनाकारण कारावास घडतो, एखाद्याचा छळ होतो आणि त्यामुळे इतर पुष्कळ लोकही दुःखी होतात, हे तो मान्य करतो. अधिकाऱ्यांच्या हातून असे का घडते, याची यादीही तो देतो : ईर्षा, क्रोध, निष्ठुरता, उतावीळपणा, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा. अन्यायाच्या कारणांत 'थकवा' नोंदविणारा राजा राज्यकारभार जवळून पाहणारा होता, याविषयी शंका नको. यावर त्याने दोन उपाय सांगितले. एक म्हणजे दर पाच वर्षांनी सौम्य स्वभावाचा महामात्र दौऱ्यावर पाठविणे. उज्जयिनी आणि तक्षशिला येथून तर असे दौरे तीन वर्षांच्या आत व्हावेत, असे तो म्हणतो. दुसरा उपाय असा की, हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकला जावा, मध्यंतरीही ऐकावा, आणि ऐकणारा एकच माणूस असला तरीही ऐकावा.

दुसरा लेख सीमेवरील न जिंकलेल्या लोकांविषयी आहे. राजाच्या मनात आमच्याविषयी काय आहे, असा प्रश्न त्यांच्या मनात येत असेल, हे अशोक स्वतःच बोलून दाखवितो. त्यांनी आपल्याला भिऊ नये, आपल्याकडून त्यांना सुखच मिळावे, दुःख मिळू नये, अशी त्याची इच्छा आहे. आणि या ठिकाणी त्याने वापरलेले क्रियापद 'आ-श्वस्' या धातूचेच आहे. मराठीतील 'आश्वासन' या शब्दाचा हा एक फार जुना राजकीय प्रयोग होय. भयभीत लोकांनी मोकळा श्वास घ्यावा, हे राज्याचे उद्दिष्ट म्हणून दगडावर कोरले गेले.

आश्वासनाची मर्यादा

अशोकाच्या थोरवीविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु आदरामुळे अभ्यासकाने डोळे मिटून घेऊ नयेत. या लेखांत ज्या क्रियापदाचा वारंवार उपयोग होतो ते 'सोतविया' हे आहे. म्हणजे लेख 'ऐकावा'. ऐकल्यानंतर काय करावे, हे अधिकाऱ्यांना सांगितले आहे. विनाकारण कारावासात पडलेल्या माणसाने, त्याच्या पत्नीने किंवा शेजाऱ्याने काय करावे, हे सांगितलेले नाही. सहाव्या शिलालेखात, आपण भोजन करीत असू वा अंतःपुरात असू, प्रतिवेदकांनी लोकांचे काम केव्हाही आपल्या कानावर घालावे, असे राजा म्हणतो. ही तत्परता विलक्षण आहे. पण राजाच्या कानापर्यंत वार्ता पोहोचविणारा माणूस राजाचाच नोकर आहे.

अभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी कोरलेल्या चौथ्या स्तंभलेखात ही मर्यादा एका सुंदर उपमेतून प्रकट होते. आपले मूल कुशल दाईच्या हाती सोपविल्यावर आईबाप जसे निश्चिंत होतात, तसा आपण प्रजेच्या हितासाठी रज्जुकांना नेमून निश्चिंत झालो आहोत, असा त्याचा आशय आहे. येथेही तोच 'श्वस्' धातू आला आहे. मात्र मोकळा श्वास घेणारा कोण, तर मूल सोपविणारा पालक, म्हणजे राजा! दाईविषयी मुलाला काय वाटते, हे विचारण्याची सोय या उपमेत नाही. त्याच लेखात मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली असून, त्या अवधीत त्यांच्या नातलगांनी अधिकाऱ्यांची मनधरणी करावी, अशी तरतूद आहे. उत्तर देण्याची जागा येथे उघडते खरी. पण ती दंड ठरल्यानंतर उघडते आणि याचनेच्या रूपाने उघडते.

याला एक अपवाद नोंदविलाच पाहिजे. आठव्या शिलालेखात धम्मयात्रेचे वर्णन करताना राजाने जनपदातील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी 'पलिपुछा', म्हणजे परिपृच्छा, असे तीन व्यवहार सांगितले आहेत. विचारपूस उभयपक्षी असते. या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपारा येथे सापडला, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट होय. परंतु परिपृच्छा ही राजाच्या यात्रेपुरती होती. राजा तेथून गेला की लोकांच्या हाती काय उरत असे? दौऱ्यावरचा राजा हा कायमच्या संस्थेला पर्याय होऊ शकत नाही.

'दिव्यावदान' ग्रंथातील एक कथा येथे आठवते. बिंदुसाराच्या काळी तक्षशिलेत बंड झाले असता कुमार अशोक तेथे गेला. नगरवासी त्याला सामोरे आले आणि म्हणाले की, आमचा विरोध राजाला नाही, कुमारालाही नाही. दुष्ट अमात्य आमचा अवमान करतात. ही कथा उत्तरकालीन आहे. तिचा ऐतिहासिक पुरावा म्हणून उपयोग जपूनच केला पाहिजे. पण तिच्यातील अनुभव खरा आहे. राजा दूर असतो. विश्वास मोडतो तो जवळच्या अधिकाऱ्यापाशी. म्हणून तो जोडावयाचा असेल तर तेथेच जोडावा लागतो.

संघातील वाचन

आता भिक्खुसंघाकडे वळू. विनयपिटकात संघाची कम्मे कशी करावीत, याचे सविस्तर नियम आहेत. संघासमोर प्रथम 'ञत्ति', म्हणजे प्रस्ताव मांडला जाई. महत्त्वाच्या कम्मांत 'कम्मवाचा' तीन वेळा उच्चारली जाई. प्रस्तावासह ती चार अंगांची होई, म्हणून अशा कम्माला 'ञत्तिचतुत्थ' म्हणतात. प्रत्येक वेळी सांगितले जाई की, ज्याला हे मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. धौलीचा लेख आणि कम्मवाचा, दोन्हींचे वाचन मोठ्याने होते. पण कम्मवाचेत ऐकणाऱ्याचा उल्लेख वाक्यातच आहे आणि बोलण्याचे आमंत्रणही वाक्यातच आहे. म्हणूनच तेथील मौनाला संमतीचे मोल आहे. जेथे बोलण्याची मुभा नाही तेथील मौन ही संमती नव्हे.

या वाचनाभोवती आणखी काही कुंपणे होती. निरनिराळ्या कम्मांसाठी चार, पाच, दहा किंवा वीस भिक्खूंची किमान उपस्थिती ठरविलेली होती. आजारी भिक्खूने आपला 'छन्द', म्हणजे संमती, दुसऱ्यामार्फत पाठवावी असा नियम होता. संघ अपूर्ण असताना केलेले कम्म 'वग्गकम्म' ठरे आणि ते ग्राह्य मानले जात नसे. वादाचा निर्णय 'सम्मुख', म्हणजे संघाच्या, धम्माच्या, विनयाच्या आणि संबंधित व्यक्तींच्या समक्ष व्हावा लागे. मतभेद न मिटल्यास 'येभुय्यसिका' पद्धतीने शलाका वाटून बहुमत घेतले जाई. शलाका गोळा करणारा भिक्खू छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा, अशी अट होती.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. शलाकाग्रहणाच्या गुप्त पद्धतीत अधम्मवादी पक्षाचे बहुमत दिसल्यास ते मतदान रद्द समजावे, अशीही तरतूद विनयात आहे. आजच्या मतदानाशी तिचा मेळ बसत नाही. संघ ही लोकसत्ता नव्हती. ती एका शिस्तीत राहणाऱ्या प्रव्रजितांची संस्था होती. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना या नियमांचा दाखला दिला, तो उगीच नव्हे. बैठकव्यवस्था, प्रस्ताव, गणसंख्या आणि मतगणना यांचे नियम भिक्खुसंघाला ठाऊक होते, असे सांगून त्यांनी पुढचा इशाराही दिला : ही व्यवस्था भारताने एकदा गमावली आहे; ती पुन्हा गमावली जाऊ नये.

संघाबाहेरच्या लोकांचे स्थान काय होते, याचे उत्तर महावग्गातील कोसम्बीच्या प्रकरणात मिळते. कोसम्बीचे भिक्खू एका क्षुल्लक कारणावरून भांडले आणि भगवंतांच्या सांगण्यालाही त्यांनी जुमानले नाही. तेव्हा तेथील उपासकांनी त्यांना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबविले. भिक्खू ताळ्यावर आले, श्रावस्तीस गेले आणि कलह मिटला. उपदेशाने जे साधले नाही ते लोकांनी विश्वास काढून घेतल्यामुळे साधले. विश्वास काढून घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्यानेच ठेवलेल्या विश्वासाला किंमत असते.

रिकामी सभा

विश्वास नष्ट झाल्याची पहिली खूण कोणती? अट्ठकथेतील वज्जींची हकीकत याचे उत्तर देते. महापरिनिब्बानसुत्तात वज्जींच्या अपरिहानीय धम्मांत पहिले स्थान वारंवार एकत्र येण्याला दिले आहे. अजातशत्रूचा अमात्य वस्सकार याने बरोबर तेथेच घाव घातला. तो वैशालीत जाऊन राहिला आणि लिच्छवींच्या मनात त्याने एकमेकांविषयी संशय पेरला. तीन वर्षांनंतर सभेची भेरी वाजली, तेव्हा कोणीही आले नाही. जे समर्थ असतील, शूर असतील त्यांनी जमावे, असे जो तो म्हणू लागला. त्यानंतर नगर घेण्यास मगधाला विलंब लागला नाही.

ही भेरी आम्हांला परकी वाटत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. पण एका गावात ग्रामसभेची दवंडी पिटली जाताना आम्ही पाहिली आहे आणि सभेच्या वेळी ओस पडलेला पारही पाहिला आहे. पुढे दोन दिवसांनी सह्यांची वही घरोघरी फिरली. सही करणाऱ्या एका वृद्धाला आम्ही ठराव काय झाला असे विचारले, तेव्हा तो नुसता हसला. त्या हसण्यात राग नव्हता, अपेक्षाही नव्हती. विनयाच्या भाषेत ते सगळे 'वग्गकम्म' होते. कागदावर मात्र गणसंख्या पूर्ण होती.

कोटकिरानाचे वाचन

या पार्श्वभूमीवर राजस्थानातील एका घटनेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना झाली. राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी हे तिचे ठाणे. अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. सरकारी कामांवर मजुरांना ठरल्यापेक्षा कमी मजुरी मिळत असे आणि जाब विचारल्यास कागदोपत्री काम कमी भरल्याचे सांगण्यात येई. तो कागद पाहावयास मागितला, तर तो सरकारी गोपनीय दस्तऐवज असल्याचे उत्तर मिळे. म्हणजे मजुराविरुद्धचा पुरावा मजुरापासूनच लपविलेला होता.

२ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना या गावी पहिली जनसुनावणी झाली. हे गाव तेव्हा ज्या जिल्ह्यात होते त्याचे नाव 'पाली' असावे, हा केवळ योगायोग. पण आमच्यासारख्या पालीच्या विद्यार्थ्याला तो सुखावणारा आहे. सुनावणीची रीत साधी होती. हजेरीपट, देयके आणि पावत्या यांच्या नकला मिळवून त्या गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचावयाच्या. ज्याचे नाव वाचले जाई त्याने उठून सांगावे : या कामावर मी होतो की नव्हतो, पैसे मिळाले की नाही, मिळाले तर किती. बाहेरगावच्या त्रयस्थ व्यक्ती ऐकावयास बसत. अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींनाही बोलावणे असे. त्यांनाही आपली बाजू मांडता येई. अशा सुनावण्यांतून कामावर कधीच न गेलेल्या माणसांची नावे हजेरीपटावर असल्याचे, आणि कागदावर पूर्ण झालेली कामे प्रत्यक्षात अपुरी असल्याचे, लोकांनी स्वतः उघड केले. काही पंचायतींत तर अपहाराची रक्कम परतही करण्यात आली.

हे वाचन आणि संघातील कम्मवाचा यांचे साम्य लक्षणीय आहे. परंतु त्यांच्यात काही ऐतिहासिक परंपरा आहे, असा आमचा मुळीच दावा नाही. कोटकिरानाच्या मजुरांनी विनयपिटक वाचलेले नव्हते. समान अडचणीतून माणसे समान उपाय शोधतात, एवढेच आमचे म्हणणे आहे. वाचन सर्वांसमक्ष व्हावे, संबंधित माणूस उपस्थित असावा, ऐकणाऱ्याला बोलता यावे आणि आरोप असलेल्यालाही उत्तर देता यावे, या चार गोष्टी दोन्हीकडे आढळतात. धौलीत त्यांपैकी फक्त वाचन होते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. एक सुनावणी झाल्याने भागत नाही, हे या लोकांनी ओळखले. ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर येथे ४० दिवस धरणे धरण्यात आले. पुढे राजस्थानात २००० मध्ये, महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि केंद्रात २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचे कायदे झाले. त्याच २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमाने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले. राजाच्या यात्रेतील परिपृच्छा राजाबरोबर निघून जात असे. मजुरांची परिपृच्छा कायद्यात उतरली.

एक आक्षेप

गावाची सभा भरली म्हणजे न्याय झाला, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, त्यांमागे अनुभव होता. ज्याची मजुरी, घराकडे जाणारी वाट आणि पाणी गावातील बलवंताच्या हाती आहे, तो त्याच बलवंतासमोर उठून कसा बोलेल? हा आक्षेप आम्ही पूर्णतः मान्य करतो. पण त्यावरून सहभाग निरुपयोगी ठरत नाही. सहभागाला कुंपण हवे, हे ठरते. संघाने भयाच्या आहारी न जाणारा शलाकाग्राहक मागितला आणि जनसुनावणीत त्रयस्थ बसविले, ते याचसाठी. कागदाची नकल हक्काने हाती येणे हेही असेच एक कुंपण आहे. दुबळ्या माणसाचा एकटा शब्द दाबता येतो. चारचौघांत वाचलेला हजेरीपट दाबणे तितके सोपे नसते.

अंगुत्तरनिकायाच्या दुकनिपातात भगवंतांनी परिषदांचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक 'ओक्काचितविनीता', म्हणजे पोकळ शब्दांत वाढलेली, आणि दुसरी 'पटिपुच्छाविनीता', म्हणजे प्रश्न विचारून घडलेली. यांत दुसरी श्रेष्ठ ठरविली आहे. शासनाला लोकांचा विश्वास पुन्हा हवा असेल, तर त्याने पहिली परिषद भरविणे थांबवून दुसरीची सवय करावी. वाचलेल्या हिशेबावर विचारलेला अप्रिय प्रश्न सहन करणे, ही त्या सवयीची सुरुवात होय.

शासनाला हा उपदेश करताना आम्ही आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपल्या विहार समित्या आणि शिक्षणसंस्था लोकांच्या दानावर चालतात. पौर्णिमेला उपासक-उपासिका जमतात, वंदना होते, प्रवचन होते. त्याच सभेत वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचला जातो काय? मागच्या रांगेत बसलेल्या माउलीने उठून एखाद्या रकमेविषयी विचारले, तर तिला उत्तर मिळते काय? कोसम्बीच्या उपासकांचे आपण वारस आहोत. येत्या पौर्णिमेला आपल्या विहारातील वही उघडून वाचावी आणि वाचून झाल्यावर थोडा वेळ थांबावे. कोणाला काही बोलावयाचे असेल.